एका किडनीवर माळशेज

रविवार, १ सप्टेंबर २०२४

ही वही बीपी आणि पाणी लिहायला आणली होती. ऑपरेशनला चौदा महिने झाले. डॉक्टर म्हणाले, आता रोज मोजायची गरज नाही, आठवड्यातून दोनदा पुरे. म्हणजे पानं उरणार. कोरी पानं टाकवत नाहीत, म्हणून बाकीचंही लिहायला घेतलंय.

काल सायकल आणली. सेकंडहँड रोड बाइक, वाकड्या हँडलची, बारीक टायरची. जेसल पार्कच्या कोपऱ्यावर हितेशचं दुकान आहे, तिथून. तो शेवटपर्यंत म्हणत होता, "दीदी, आप बास्केटवाली ले लो, ये तो भागती है." मी म्हटलं, भाजी आणायची नाहीये, भागायचंच आहे.

माझं वय चव्वेचाळीस. शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क. लग्न केलं नाही. डावी किडनी धाकट्या भावाकडे, परागकडे. उजवी माझ्याकडे. तेव्हापासून मला कुणी काही उचलू देत नाही. शाळेत नाथा शिपाई रजिस्टर टेबलावर आणून देतो आणि पानसुद्धा उलटून ठेवतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे म्हणतात, अंबिकाताई, तुम्ही बसा. बसून बसून कंटाळा आलाय.

डॉक्टरांना विचारूनच घेतली सायकल. ते म्हणाले, चालवा, उत्तम व्यायाम आहे. फक्त पाणी पीत राहायचं, पेनकिलर मनाने घ्यायची नाही आणि उजव्या बाजूवर पडायचं नाही. मी विचारलं, पडताना बाजू निवडता येते का? ते हसले नाहीत.

परागला सांगितलेलं नाही. तो समोरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याच्या खिडकीतून आमचं पार्किंग दिसतं. किती दिवस लपणार?

मंगळवार, ३ सप्टेंबर

दोन दिवस लपली. संध्याकाळी पराग आणि रीमा आले. रीमा त्याची बायको. तो मास्क लावूनच आला, तो हल्ली लिफ्टमध्येही काढत नाही.

"खाली ती सायकल कुणाची?"

"माझी."

"कशाला?"

"चालवायला. सायकल दुसऱ्या कशाला घेतात?"

"ताई, मस्करी नकोय. घोडबंदर रोडला ट्रक कसे येतात बघितलंयस?"

"बघितलंय. जन्म इथेच गेलाय."

त्याने चहा घेतला नाही. उठताना म्हणाला, "काही झालं तर?" उत्तराला थांबलाही नाही. रीमाने जाताना माझा हात दाबला.

मला राग आला. त्याला वाटत असेल, एक त्याच्याकडे आहे आणि दुसरी त्याची स्पेअर म्हणून माझ्याकडे ठेवलीय.

रविवार, १५ सप्टेंबर

आज उत्तन. एकटी नाही, दत्ताराम काकांबरोबर. ते मुर्धा गावचे. पालिकेच्या पाणी खात्यातून रिटायर झाले, एकसष्ट वर्षांचे आहेत आणि मांड्या पंचविशीच्या. हितेशच्याच दुकानात ओळख झाली. दर रविवारी पहाटे पाच-सहा जण घेऊन निघतात.

मिठागरांपर्यंत मजेत गेले. डोंगरीच्या पुढे चढ लागला आणि निम्म्यावर पाय बंद. जोरात गिअर बदलायला गेले तर चेनच उतरली. हात काळे करून चढवली आणि मग सायकल हातात धरून चालत वर गेले. मागून एक कोळीण टोपली घेऊन आली आणि मला मागे टाकून गेली.

काका वर थांबले होते. म्हणाले, "चढ लागला की गिअर बदलाचा न्हाय, पोरी. चढ लागाच्या आधी बदलाचा. पायाला जड झाल्यावर बदलशील तर चेन ऐकाची न्हाय."

पोरी! चव्वेचाळिसाव्या वर्षी. बरं वाटलं.

परागचे मेसेज: सहा वाजता "पाणी?", साडेसहाला "पाणी?", सातला पुन्हा "पाणी?". रविवारी तरी माणसाने झोपावं. उत्तर दिलं नाही.

पाणी: पावणेतीन लिटर. बीपी १२४/८०.

रविवार, २९ सप्टेंबर

डोंगरीचा चढ न उतरता! वर पोचल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले, ते काकांना सांगितलं नाही.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी सायकल धुतली. चेन रॉकेलमध्ये नको, असं हितेशने बजावलंय. डिग्रीझर आणि जुना टूथब्रश. एकेक कडी घासायची, कोरडी करायची, मग प्रत्येक कडीवर तेलाचा एकच थेंब आणि वरचं तेल फडक्याने पुसून घ्यायचं. दीड तास गेला. पाठ दुखली नाही. ऑपरेशननंतर वर्षभर व्रण ओढायचा, तो आज एकदाही आठवला नाही. मग हँडलला झेंडूची माळ घातली.

शेजारच्या सुगंधाकाकू सोनं द्यायला आल्या. म्हणाल्या, "तुम्ही किती मोठं काम केलंत. आणि बरंच झालं ना, तुम्हाला काही पाश नाहीत. रीमाला लहान मूल, तिला कसं जमलं असतं?"

बोलायचं म्हणून त्या बोलल्या, मनात वाईट काही नव्हतं. सगळे हेच म्हणाले होते. हॉस्पिटलच्या त्या खोलीत डॉक्टरांनी विचारलं, घरातलं कोण देऊ शकेल, तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी "मी देते" म्हणाले, पण माना आधी वळल्या होत्या. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. देऊन वाईट वाटलं असंही नाही. विचारलं असतं तरी दिलीच असती. पण विचारायला हवं होतं.

लिहिलं. आता हे पान कुणी वाचू नये.

रविवार, २० ऑक्टोबर

चेण्यापर्यंत गेले. काशीमिऱ्यापासून हायवे, मग वरसाव्याला उजवीकडे घोडबंदर रोड. ट्रक खरंच वाईट. अंगावरून गेला की सायकल आधी त्याच्याकडे ओढली जाते आणि मग बाहेर ढकलली जाते. हँडल घट्ट धरलं की जास्त डुलते. सैल धरायचं, हे तिसऱ्या ट्रकला कळलं.

परतताना वरसाव्याच्या पेट्रोल पंपावर पराग दिसला. स्कूटर, मास्क, टोपी. मी हात केला तर आधी भलतीकडे बघायला लागला. मग म्हणाला, पेट्रोल भरायला आलोय. जेसल पार्कहून वरसाव्याला पेट्रोल! म्हटलं, तिकडे पंप बंद पडले का? तर म्हणतो, इथे गर्दी नसते. सकाळी सात वाजता गर्दी कुठेच नसते. आजारपणापासून त्याचं असंच झालंय, काहीतरी खूळ घेतो.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

सहामाही तपासणीचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन १.३. मागच्या वेळी १.० होतं. हा आकडा वाढला म्हणजे किडनी थकली.

कागद दोनदा पर्समधून काढून बघितला. तिसऱ्यांदा बसमध्ये. बाजूची बाई म्हणाली, वाईट बातमी आहे का हो? म्हटलं, लाइटबिल आहे.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

डॉक्टरांनी विचारलं, रक्त कधी दिलं? सोमवारी. रविवारी काय केलंत? तीसेक किलोमीटर सायकल. पाणी? दीड बाटली. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, मशीन कोरडी चालवलीत आणि वर विचारताय आवाज का येतोय." आठवडाभर सायकल बंद, पाणी भरपूर, मग परत तपासणी.

खरं सांगायचं तर भीती दुखण्याची वाटलीच नाही. भीती ही, की परागला सांगावं लागेल आणि तो म्हणेल, बघ.

सोमवार, ४ नोव्हेंबर

१.०५. सायकलला दोन बाटल्यांचे स्टँड लावून घेतले. दर पंधरा मिनिटांनी दोन घोट, घड्याळात गजर लावून. काका म्हणतात, तुझ्या गजराला घाबरून कुत्रे पळतात.

रविवार, १७ नोव्हेंबर

पडले.

वरसाव्याच्या अलीकडे, वळणावर खडी सांडली होती. पुढचा ब्रेक दाबला. तो दाबायचा नसतो. उजव्या कुशीवर. हेल्मेट चिरलं, कोपर सोललं, खुबा हिरवानिळा. उठून बसले आणि पहिला हात बरगडीखाली गेला.

काकांनी मला कडेला बसवलं आणि फोन लावायला घेतला. मी म्हटलं, रीमाला करा, परागला नको. त्यांचा फोन संपतो न संपतो तोच स्कूटरवरून पराग हजर. पाच मिनिटंही झाली नव्हती. रस्ते रिकामे होते म्हणून, नाहीतर जेसल पार्कहून अर्धा तास लागतो.

आल्या आल्या तो माझ्या हेल्मेटचा पट्टा सोडवायला लागला तर त्याला तो सुटेना.  स्टिरॉइडमुळे बोटांत जोर राहत नाही म्हणतात.

सोनोग्राफी झाली. लघवीत रक्त नाही. किडनी ठीक. डॉक्टर म्हणाले, नशीब.

मग बाहेरच्या बाकावर तो फुटला. "झालं समाधान? आता बस्स. सायकल विकायची."

"मी विकणार नाही."

"ती किडनी तुझ्या एकटीची नाहीये, ताई!"

"मग कुणाची आहे? एक घेतलीस ती पुरली नाही का?"

बाकावरची सगळी माणसं बघायला लागली. परागने मास्क वर केला आणि उठून गेला. रीमा त्याच्या मागे. मी रिक्षाने एकटी घरी आले.

बुधवार, २० नोव्हेंबर

तसं बोलायला नको होतं. पण त्यानेही तसं बोलायला नको होतं.

रविवार, २४ नोव्हेंबर

रविवार असून एकही मेसेज नाही. सहाला नाही, साडेसहाला नाही. कुठे जायचं नसताना साडेपाचला उठून फोन घेऊन बसले होते.

शनिवार, ३० नोव्हेंबर

हितेशकडे गेले. हँडल किंचित वाकडं झालं होतं, ते त्याने सरळ केलं. ब्रेक-शू नवे घातले. नवं हेल्मेट. तो म्हणाला, "दीदी, गिरने के बाद जो पंधरा दिन में नहीं बैठता, वो फिर बैठता ही नहीं. मैंने बहुत देखा है. साइकल बेचने मेरे पास ही आते हैं."

चौदा दिवस होत आलेत.

रविवार, १ डिसेंबर

बसले. पार्किंगमध्ये तीन फेऱ्या, मग खाडीच्या रस्त्याने एक किलोमीटर. खडी दिसली की लगेच हळू. तोंडाने "मागचा आधी, मागचा आधी" म्हणत ब्रेक दाबत होते. फिरायला आलेल्या एका आजोबांना वाटलं मी जप करतेय, त्यांनी नमस्कार केला.

रविवार, ८ डिसेंबर

डोंगरी, दोनदा. काका म्हणाले, जानेवारीत आमी माळशेजला जातोय, टोकावड्यापासून सायकली काढाच्या, वरपर्यंत तीसेक किलोमीटर, शेवटचे दहा-बारा निव्वळ घाट. येतेस का?

"मला जमेल?"

"ते मला न्हाय ठाऊक. तुला जायाचं हाय का, ते सांग."

कुणीतरी विचारलं. हो म्हटलं.

रविवार, १५ डिसेंबर

संध्याकाळी पराग आला. एकटा. महिनाभरात पहिल्यांदा. हातात रीमाने दिलेला गाजरहलव्याचा डबा. तो टेबलावर ठेवून उभाच राहिला.

"माळशेजला जातेयस म्हणे."

"हितेशने सांगितलं?"

"हं."  नंतर मास्क काढून खिशात घातला. माझ्या घरात त्याने मास्क काढल्याला दीड वर्ष झालं असेल. गालांवर सूज आहे अजून.

"ताई, त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, आणि तू म्हणालीस 'मी देते'. आठवतं?"

"आठवतं."

"मी एकदाही 'नको' म्हणालो नाही. तोंडदेखलंसुद्धा नाही. मला वाटलं, सुटलो. तेवढंच वाटलं."

मी हलव्याचं झाकण उघडलं, परत लावलं.

तो म्हणाला, "तू पडलीस, तुला काही झालं, तर ती मला परत देता येणार नाही. रोज सकाळी औषध घेताना हेच डोक्यात येतं. म्हणून ओरडतो. माझी आहे म्हणून नाही."

"तू नको म्हणाला असतास तर मी ऐकलं असतं का?"

"नसतं ऐकलंस."

"मग?"

"तरी म्हणायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं. "म्हणायला हवं होतं."

तेवढंच. मग दोघांनी हलवा खाल्ला. तो म्हणाला, "टोकावड्यापर्यंत सायकल कशी नेणार? गाडी मी काढतो." मग दारात चपला घालताना म्हणाला, "पण उतरताना सायकल नाही हां. चढ चढ, मी मधे येणार नाही. उतार गाडीने. माणसं उतारावर मरतात."

अट मला पटली नाही. पण हो म्हटलं. भांडायला अंगात जोर नव्हता, आणि रडू येईल असं वाटत होतं.

रविवार, ५ जानेवारी २०२५

शेवटचा सराव, डोंगरी चार वेळा. पाणी साडेतीन लिटर. मेसेज परत सुरू झालेत. आज मी "प्यायले" असं उत्तर दिलं. त्याने लगेच अंगठा पाठवला, म्हणजे फोन हातातच धरून बसला होता. रिकामटेकडा.

रविवार, १२ जानेवारी

आता घरी आहे, जेवून लिहितेय. पाय पाटावर ठेवलेत, उचलवत नाहीत.

सात वाजता टोकावड्याहून निघालो. काका, आणखी चौघे आणि मी. सावर्ण्यापर्यंत चांगलं गेलं. समोर कडे उभे होते, उन्हात पिवळे. मनात म्हटलं, रस्ता यातून कुठून जात असेल?

घाट लागायच्या आधीच गिअर हलका केला. पहिले तीन किलोमीटर मी मोजत होते, चौथ्यात मोजणं सोडलं. बाकीचे पुढे गेले. मागून टेम्पो कण्हत यायचे आणि धूर सोडून जायचे. काका माझ्यासाठी थांबत होते, त्यांना म्हटलं, तुम्ही जा, मला कुणी बघत नसलं की बरं चालवता येतं. ते गेले. पराग-रीमाची गाडी मात्र दर दोन-तीन वळणांनी कडेला उभी दिसायची. परागला घाटाचे फोटो काढायला आवडतात.

साधारण सातव्या किलोमीटरला डाव्या पोटरीत गोळा आला, असा की किंकाळी फुटली. खाली उतरून कठड्याला धरून उभी राहिले. ग्रुपमधला दिपेश पंक्चर काढून मागून येत होता, तो थांबला. "मॅडम, पेनकिलर आहे, घ्या एक, पाच मिनिटांत बरं वाटेल."

गोळी त्याच्या तळहातावर होती. पांढरी, एवढीशी. पाच मिनिटांत बरं वाटेल हे खरंच होतं.

"मला चालत नाही," मी म्हटलं. "मला एकच किडनी आहे."

हे वाक्य मी बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा सांगितलं. त्याने गोळी परत खिशात टाकली. मग म्हणाला, "मग इथपर्यंत आलात कशा?" म्हटलं, चढत चढत.

त्याने पोटरी ताणायला मदत केली. मिठाचं पाणी प्यायले. दोनशे पावलं सायकल हातात धरून चालले, मग परत बसले. पाय फिरत होते. बोगदा आला. आत अंधार, ट्रकचा आवाज चारही बाजूंनी. मोठ्याने ओरडत गेले, म्हणजे कुणाला तरी ऐकू जाईल. बाहेर आले तर एकदम उजेड, आणि रस्ता अजूनही वरच. तेव्हा मात्र उभी राहून पेडल मारलं. शेवटचा किलोमीटर कसा गेला लिहिता येत नाही. रडत होते की घाम होता, कळलं नाही.

वर काकांनी टाळ्या वाजवल्या. मी गाडी शोधली. रीमा बाहेर उभी होती, आणि पराग पुढच्या सीटवर चक्क झोपलेला. मान टाकून, तोंड उघडं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढं चढून आले नि हा झोपलाय.

रीमा हळू आवाजात म्हणाली, "तू बोगद्यातून बाहेर पडलीस ते बघितलं त्याने. म्हणाला, पोचते ही. इथे गाडी लावली आणि दोन मिनिटांत हा असा."

"असू दे, पहाटे उठलाय, सवय नाही त्याला," मी म्हटलं.

डिकीत मावावी म्हणून सायकलचं पुढचं चाक काढायला घेतलं. अट होती ना. चाक हातात आलं तेवढ्यात पराग उठला. डोळे चोळत बाहेर आला.

"झालं?"

"झालं."

त्याने माझ्याकडे बघितलं, पायांपासून डोक्यापर्यंत, काही कमी तर झालं नाही ना, अशा नजरेने. मग माझ्या हातातलं चाक घेतलं.

"हे का काढलंस? उतरणार कशी?"

"गाडीने. तूच म्हणालास."

"वर कशाने आलीस?"

तो खाली बसला आणि चाक परत बसवलं. चाक आवळायची लिव्हर बरोबर डाव्या बाजूला, घट्ट, मग चाक उचलून फिरवून बघितलं. त्याला हे कुणी शिकवलं कोण जाणे. उठताना एवढंच म्हणाला, "मागचा आधी."

उतरले. काकांच्या मागे, सैल हाताने. वारा असा की डोळ्यांतून पाणी. वळणाआधी मागचा ब्रेक, मग थोडा पुढचा, मग सोडून द्यायचं. दरी उजव्या हाताला सतत उघडी. बारा किलोमीटर, आणि मला एकदाही वाटलं नाही की माझ्यात काहीतरी कमी आहे.

सावर्ण्याला थांबून गाडीची वाट बघितली. पाच मिनिटं, दहा, वीस. माझ्या मागोमाग येतील असं वाटलं होतं. शेवटी आले. रीमाला विचारलं, एवढा उशीर? ती म्हणाली, "मी म्हणत होते निघू या. पण हा किल्ली खिशात घालून कठड्यावर बसला. रस्त्याकडे पाठ करून. म्हणाला, ती पुढे जाऊ दे. वीस मिनिटं हलला नाही."

हातात वरच्या टपरीवरचा चहा असणार. बाहेरचा चहा त्याला चालत नाही, हे उद्या त्याला चांगलं सुनावणार आहे.

बीपी ११८/७८. पाणी चार लिटर.